शिफारसपत्रवाले सर

उच्च शिक्षणासाठी बाहेर निघालेल्या विद्यार्थ्याला ज्यांच्या सहीवाचून जाता येत नाही आणि ज्यांच्या सहीमुळे वेळेवर जाता येत नाही, अशा प्राध्यापकांना शिफारसपत्रवाले सर म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. वणीपासून उमरखेडपर्यंत जिथे जिथे अनुदानित महाविद्यालय आहे, तिथे तिथे हे सर आहेत. विषय बहुधा समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र. नोकरीला वीस-पंचवीस वर्षे झालेली. घर तालुक्याच्या एखाद्या ले-आउटमध्ये, शेत गावाकडे. खिशाला दोन पेन असतात. त्यातला हिरवा पेन प्राचार्यपदाची संधी येईल त्या दिवसासाठी राखून ठेवलेला असतो.

शिफारसपत्राची प्रथा मराठी माणसाला नवी नाही. श्यामजी कृष्णवर्मा यांची शिष्यवृत्ती मिळवून विनायक दामोदर सावरकर 1906 साली लंडनला गेले, त्यामागे लोकमान्य टिळकांचे शिफारसपत्र होते. कोलंबिया विद्यापीठाचे प्रा. एडविन सेलिग्मन यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना लिहिले होते. हा इतिहास सरांना तोंडपाठ असतो, कारण दर वर्षी ते तो वर्गात सांगतात. एखाद्या विद्यार्थ्याने मात्र तोच धागा पकडून आपल्या पत्राची आठवण दिली, तर सरांचा पहिला प्रश्न असतो, ''टिळकायच्या पत्रावर जावक क्रमांक काय होता?''

जावक क्रमांक हा या सरांच्या स्वभावाचा कणा आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या असतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची जावक वहीत नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, मग गोल शिक्का बसतो. ही व्यवस्था बाबूंच्या सोयीसाठी आहे असे इतरांना वाटते. सरांच्या मते जगच तिच्यावर चालते. क्रमांकाविना निघालेला कागद हा त्यांच्या लेखी कागद नव्हे, ती अफवा होय. एका सरांनी मुलीच्या लग्नाच्या पत्रिकाही क्रमांक टाकून, वहीत नोंद घेऊन वाटल्या. आपल्याला पत्रिका पोचलीच नाही, हा वऱ्हाडातल्या प्रत्येक लग्नातला रुसवा त्या लग्नात प्रथमच पुराव्यानिशी खोटा पडला आणि त्या पाहुण्यांनी पुढे कायमचा संबंध तोडला.

पूर्वी या सरांचा कोणाला त्रास नव्हता. बारावीनंतर डी.एड., पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा किंवा फार तर अमरावतीला एम.ए., एवढाच बहुतेकांचा प्रवास असे. त्यासाठी चारित्र्याचा दाखला पुरत असे. तो छापील असतो. नाव आणि वर्ष तेवढे भरायचे. उमेदवार महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी होता आणि माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे, एवढे एक वाक्य त्यात असते. या एका वाक्याने जिल्ह्यातल्या हजारो मुलांना एसटीत बसवून दिले. सरांनी असे दाखले चालता चालता, जिन्यात, पानठेल्यावर आणि एकदा प्रेतयात्रेतही सही करून दिले आहेत.

मग काळ बदलला. 2017 च्या सुमारास राजू केंद्रे या तरुणाने यवतमाळात एकलव्य ही संस्था सुरू केली. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलामुलींना देशातल्या नामांकित विद्यापीठांची वाट दाखवणे, हे तिचे काम. केंद्रे स्वतः बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले. 2021 साली ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन ते लंडनला शिकायला गेले, तेव्हा त्यांचे नाव गावोगावच्या ग्रंथालयांत पोचले. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दर वर्षी अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांसाठी असते, तिचीही विचारपूस वाढली. घाटंजी आणि झरी जामणीकडची मुले बेंगळुरू, मुंबई, लीड्स, एडिनबरा असे बोलू लागली. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी निघाली. तिथे वर्तणूक कोणी विचारत नव्हते. हा मुलगा विचार कसा करतो, प्रश्न कसे विचारतो, चुकला तर काय करतो, हे त्याला शिकवलेल्या दोघांनी लिहून द्यावे, अशी मागणी होती. जिल्ह्यातल्या सरांवर हे संकट पूर्वसूचनेविना आले.

शिफारसपत्राच्या प्रवासात पाच अवस्था असतात. पहिली होकाराची. ती सर्वांत छोटी. विद्यार्थी ऑक्टोबरात स्टाफरूमच्या दारात उभा राहतो, सर हातातला चहा खाली ठेवण्याआधीच म्हणतात, ''हाव ना, देऊन टाकू. कायले टेन्शन घेतं? मले फक्त याद देजो.'' विद्यार्थ्याला काम झाल्यासारखे वाटते. वास्तविक आता जबाबदारी त्याच्यावर आलेली असते, कारण पत्र देण्याचे काम सरांचे असले तरी याद देण्याचे काम त्याचे ठरलेले असते. पुढे उशीर झाला तर दोष कोणाचा, याचा निकाल याच क्षणी लागलेला असतो.

ऑक्टोबर ते जानेवारी हा अर्जांचा हंगाम. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची पदवी प्रवेशाची मुदत 1 जानेवारीच्या आसपास संपते, शिष्यवृत्त्यांच्या तारखा त्याच्या आगेमागे असतात. यवतमाळात याच काळात हिवाळी सत्राच्या परीक्षा असतात, पेपर तपासायचे असतात, महाविद्यालयाचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार असते किंवा नुकतीच येऊन गेलेली असते आणि दर दोन वर्षांनी कसलीतरी निवडणूक ड्यूटी लागते. त्यात कापूस. पहिला वेचा दिवाळीच्या सुमारास निघतो, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर सरांना शेतात हजर राहावे लागते. मग तूर. मग तुळशीचे लग्न आटोपून माणसांची लग्ने लागतात. परदेशी विद्यापीठांनी वेळापत्रक ठरवताना वऱ्हाडातला कापूस लक्षात घेतलेला नाही, हे सरांचे म्हणणे निराधार म्हणता येत नाही.

दुसरी अवस्था मजकुराची. ''तूच लिहून आण, मी पाहून घेतो,'' या वाक्याने ती सुरू होते. ज्या मुलाला आयुष्यात कोणी तोंडावर चांगले म्हटलेले नाही, त्याने आता स्वतःची स्तुती इंग्रजीत, चारशे शब्दांत आणि दुसऱ्याच्या आवाजात करायची असते. तो तीन रात्री जागतो. एकलव्यच्या किंवा तशाच एखाद्या कार्यशाळेत मिळालेले टिपण समोर ठेवतो, पहिला कच्चा मसुदा फाडतो, दुसऱ्यात लाजत लाजत 'विलक्षण' हा शब्द घालतो. सर मसुदा पाहतात तेव्हा पेपर तपासल्यासारखाच पाहतात. 'विलक्षण' कापून 'नियमित' होते. 'स्वतंत्र विचाराचा' हे त्यांना उद्धट वाटते. तिथे 'आज्ञाधारक' येते. ज्या विद्यापीठाला प्रश्न विचारणारा विद्यार्थी हवा असतो, त्याच्याकडे वेळेवर उठणाऱ्या आणि वडिलांचे ऐकणाऱ्या मुलाचे वर्णन रवाना होण्याच्या तयारीत असते.

या अवस्थेचा एक कायदेशीर पैलूही आहे. अमेरिकेत 1974 च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला. म्हणून अर्जात विचारतात, शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता काय? सोडला तर पत्रावरचा विश्वास वाढतो, कारण लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहिले असेल असे मानतात. यवतमाळचा विद्यार्थी हा हक्क अगदी प्रामाणिकपणे सोडतो. पत्र त्यानेच लिहिलेले असते.

तिसरी अवस्था क्रमांकाची. मजकूर टाइप झाला, लेटरहेडवर छापला, सही झाली, तरी पत्र सरांच्या टेबलाच्या खणात राहते, कारण क्रमांक घ्यायचा असतो. जावक वही कपाटात, कपाटाची किल्ली बाबूंकडे आणि बाबू शिष्यवृत्तीच्या फायली घेऊन यवतमाळला समाजकल्याणच्या कार्यालयात. शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सुटी, सोमवारी बाबूंच्या साळ्याचा साखरपुडा. कधी सर दूरदृष्टीने फोन करून एक क्रमांक राखून ठेवायला सांगतात. बाबू वहीत त्या दिवसाच्या तारखेला नोंद करून ठेवतात. त्यामुळे जिल्ह्यातल्या अनेक जावक वह्यांत अशी पत्रे सापडतात, जी जावक झालेली आहेत, फक्त गेलेली नाहीत.

आवक वहीचे प्रकरण याहून मोठे. परदेशी विद्यापीठ विद्यार्थ्याकडून पत्र घेत नाही. ते थेट सरांच्या ईमेलवर लिंक पाठवते. एका सरांनी अशा ईमेलची प्रिंट काढली, तिला आवक क्रमांक दिला आणि कोपऱ्यात 'योग्य कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून ती कार्यालयाकडे पाठवली. कार्यालयाने ती वाचली, त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाचा किंवा सहसंचालकांचा उल्लेख नाही हे पाहिले आणि 'दप्तरी दाखल' असा शेरा मारून फाइलला लावली. विद्यापीठाची विनंती अशा रीतीने आली, नोंदली गेली आणि सन्मानाने निवृत्त झाली. विद्यार्थी रोज पोर्टल उघडून पाहत होता. त्यावर 'प्रतीक्षेत' असे दिसत होते.

चौथी अवस्था पोर्टलची. येथे सर एकटे पडतात. अनेक विद्यापीठांना जीमेलचा पत्ता चालत नाही. संस्थेचा अधिकृत ईमेल लागतो. तो असतो. नॅकच्या वेळी सर्वांना काढून दिलेला असतो. त्याचा पासवर्ड त्या वेळच्या संगणकवाल्या मुलाने ठेवलेला असतो, तो मुलगा पुण्याला लागलेला असतो आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी निवृत्त अधीक्षकांच्या मोबाइलवर जातो. अधीक्षकांना फोन केला तर ते ओटीपी सांगत नाहीत. ओटीपी कोणाला सांगू नये, असे बँकेने त्यांना बजावलेले असते. काही सरांनी सायबर जनजागृतीचे व्याख्यान ऐकलेले असते. ते लिंक असलेला प्रत्येक ईमेल उडवून टाकतात, आणि परदेशातून पडताळणीसाठी फोन आलाच तर 'मले फसवाचं काम नाही' असे मराठीत सांगून ठेवून देतात.

आत शिरल्यावर पोर्टल विचारते, आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, चित्रांतले झेब्रा क्रॉसिंग ओळखा. ज्यांचे आयुष्य यवतमाळचा दत्त चौक ओलांडण्यात गेले त्यांना हा प्रश्न अन्यायाचा आहे. पुढे तक्ता येतो. विद्यार्थी वरच्या एक टक्क्यात आहे, पाच टक्क्यांत, दहा, पंचवीस की सरासरी? सर सरासरीवर बोट ठेवतात. त्यात आकस नसतो. त्यांनी उभ्या हयातीत कोणाला पेपरात साठाच्या वर गुण दिलेले नाहीत. वरचे गुण देवाचे, त्याखालचे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचे, असा त्यांचा हिशेब असतो. शेवटी मजकुराचा चौकोन येतो. सर त्यात सर्वांत आधी जावक क्रमांक टाइप करतात. अक्षरांची मर्यादा ओलांडली की ते मजकूर कमी करतात, क्रमांक ठेवतात.

ज्यांना टाइप करणे जमत नाही ते पत्राचा फोटो काढून पाठवतात. फोटोत टेबलावरचे मेणकापड, पाण्याचा ग्लास आणि कागदाचा कोपरा दाबून धरलेला सरांचा अंगठा येतो. महाभारतातल्या गुरूने एकलव्याकडे अंगठा मागितला. यवतमाळातले गुरू स्वतःचा पाठवतात. पोर्टल तो स्वीकारत नाही, कारण त्याला पीडीएफ हवे असते.

पाचवी अवस्था शेवटच्या रात्रीची. विद्यार्थी सरांच्या घरी जाऊन बसतो. त्याचे मित्र व्हॉट्सॲपवर विचारतात, पत्र शकुंतलेनं पाठवलं काय? शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ब्रिटिशकालीन अरुंद मापाची रेल्वे. वाफेच्या इंजिनावर 1994 पर्यंत चालली आणि आता कित्येक वर्षे बंदच आहे. विद्यार्थी हसत नाही. सर जेवून उठतात, घड्याळ पाहतात आणि विचारतात, मुदत नेमकी कोणाच्या बाराची? लंडनच्या, असे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळतो. ज्यांना दोन महिन्यांत पोर्टल उघडता आले नाही ते रेखांशाचे गणित क्षणात सोडवतात. ''म्हणजे आपल्याकडं सकाळचे साडेपाच. अजून साडेपाच तास हाय ना बाप्पा!'' आणि ते शतपावलीला निघतात.

घाई न करण्यामागे सरांचे तत्त्वज्ञान असते, त्याला स्थानिक दाखलाही असतो. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळात 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले, मग ते मागे घेण्यात आले, देशभर गदारोळ उठला आणि त्यांचे न झालेले भाषण झालेल्या भाषणांपेक्षा जास्त वाचले गेले. इतरांनी यातून अभिव्यक्तीचा धडा घेतला. सरांनी घेतलेला धडा वेगळा आहे. पत्र उशिरा धाडले असते तर मागे घ्यायची पाळीच आली नसती, असे ते सांगतात. क्रमांक पाहून ठेवला होता काय, असेही विचारतात.

उशीर झालेल्या पत्राला तोंड देण्याचे काही मार्ग अनुभवाने सिद्ध झाले आहेत. मुदत आठ दिवस अलीकडची सांगणे हा सर्वांत जुना. तो आता निकामी झाला आहे, कारण सर कधीकाळी विद्यार्थी होते आणि सांगितलेल्या तारखेत ते आठ दिवस मिळवूनच ऐकतात. दुसरा मार्ग काकूंचा. सरांना दहा फोन करण्यापेक्षा काकूंना एक करणे हिताचे. ''त्या पोराचा कागद काऊन अडवून ठेवला?'' हे वाक्य स्वयंपाकघरातून आले की जावक वहीची किल्ली रविवारीही सापडते. तिसरा मार्ग आधीच्या तयारीचा. दीड-दोन महिने अगोदर सांगणे, सोबत आपली माहिती, गुणपत्रिका, हेतुनिवेदन आणि सर्व तारखा एका कागदावर देणे, दोन शिफारसी हव्या असतील तर तिघांना विचारून ठेवणे. हा मार्ग उत्तम आहे आणि तो सापडतो तो अर्ज भरून झाल्यावर.

घाबरून जाण्याआधी विद्यार्थ्याने नियमही वाचावेत. अर्जाचा स्वतःचा भाग आणि शिफारसपत्र यांची मुदत पुष्कळदा वेगळी असते. आपला भाग वेळेत भरलाच पाहिजे. तिथे सरांचे कारण चालत नाही. अमेरिकेतली प्रवेश कार्यालये शिक्षकांचे पत्र काही दिवस मागे राहिले म्हणून सहसा अर्ज फेकत नाहीत. शिक्षक तिथेही शिक्षकच असतात. ब्रिटनमधली विद्यापीठे पुष्कळदा प्रवेश देऊन टाकतात आणि पत्राची अट मागे ठेवतात. चिव्हनिंगला पत्रे लागतात ती मुलाखतीसाठी निवड झाल्यावर. काही शिष्यवृत्त्यांची मुदत मात्र लोखंडी असते. अशा वेळी प्रवेश कार्यालयाला चार ओळींचा नम्र ईमेल लिहावा, पत्र कधी येईल ते सांगावे, दुसऱ्या शिक्षकाचे नाव द्यावे. सरांची निंदा करू नये. पुढच्या वर्षी त्यांचीच सही लागते.

येथे एक प्रश्न उरतो. विद्यार्थी याच सरांकडे का जातो? त्याला खरे शिकवलेले असते दुसऱ्याच कोणीतरी. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत कित्येक वर्षे पदे रिकामी आहेत आणि वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या प्राध्यापकांवर. नेट झालेली, पीएचडी झालेली ही माणसे तासाप्रमाणे मानधन घेतात, तेही महिनोन् महिने उशिरा. दर वर्षी त्यांची नवी ऑर्डर निघते. विद्यार्थ्याला पहिले पुस्तक त्यांनी दिलेले असते, शिष्यवृत्तीची जाहिरात त्यांनीच पाठवलेली असते. हा मुलगा विचार कसा करतो, हे त्यांना ठाऊक असते. पण त्यांच्याकडे लेटरहेड नसते, अधिकृत ईमेल नसतो, पुढच्या जूनमध्ये त्या पदावर असतील याची हमी नसते. म्हणून जिल्ह्यातली बरीचशी चांगली शिफारसपत्रे सीएचबीवाले रात्री बसून लिहितात आणि त्यांवर सकाळी सर सही करतात. पत्र लिहिण्याची तासिका बिलात धरली जात नाही.

एवढे सगळे खरे असूनही सरांविषयी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. अनोळखी मुलाला चारित्र्याचा दाखला ते दोन मिनिटांत देतात. उशीर होतो तो ओळखीच्या मुलाला. त्याच्याविषयी सरांना जेवढे माहीत असते तेवढे सीएचबीवाल्यांनाही नसते. बापाच्या नावावर किती एकर कोरडवाहू आहे, बोअर कोणत्या वर्षी आटली, पोरगा सकाळी दोन तास कापूस वेचून, हात धुऊन पहिल्या तासाला कसा येत होता, बहिणीच्या लग्नात त्याने परीक्षा कशी चुकवली नाही, हे सगळे सरांना ठाऊक असते. पहिल्या वर्षाची फी भरायला पैसे नव्हते तेव्हा बाबूंना 'माझ्या पगारातून कापजो' असे त्यांनीच सांगितलेले असते. ते पैसे परत आलेले नसतात. सरांनी मागितलेलेही नसतात. त्यांची तेवढी एक नोंद कुठल्याच वहीत सापडत नाही.

परदेशी विद्यापीठाला नेमके हेच हवे असते. पण घरच्या गोष्टी सरकारी कागदावर लिहायच्या नसतात, अशी सरांची पक्की समजूत. गरिबी लिहिली तर मुलाचा अपमान, हुशारी लिहिली तर फुशारकी. शिवाय इंग्रजी. वर्गात मराठीतून शिकवताना ज्यांचा आवाज तिसऱ्या खोलीपर्यंत जातो, त्यांना आपल्या एका चुकीच्या क्रियापदामुळे पोराची लंडनची वाट बंद होईल, अशी भीती वाटते. ती ते कोणाला बोलून दाखवत नाहीत. क्रमांक मिळाला नाही असे सांगतात. मुलगा गेल्यावर कधी टेबलाचा खण उघडला, तर त्यात शंभरपानी वही निघते. तिच्यात एकाच पत्राची सुरुवात पाच-सहा वेळा केलेली असते आणि प्रत्येक वेळी पहिल्या वाक्यावर काट मारलेली असते.

साडेपाचला दहा मिनिटे असताना पत्र जाते. ते जाते एवढे खरे. पुण्यात आयटीत असलेली सरांची मुलगी फोनवरून एकेक बटण सांगते, काकू टॉर्च धरतात, कारण लाइन गेलेली असते, आणि विद्यार्थ्याच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पीडीएफ चढते. मजकुरात 'नियमित' आणि 'आज्ञाधारक' हे शब्द असतात. पण छापलेल्या मजकुराखाली, शिक्क्याच्या बाजूला, निळ्या पेनाने एक ओळ वाढवलेली असते. हा मुलगा मी माझ्या घरात ठेवीन, अशा अर्थाचे काहीतरी मोडक्या इंग्रजीत लिहिलेले असते. प्रवेश समितीतल्या लोकांनी त्यातून काय घ्यायचे ते घ्यावे. अशा पत्रांवर मुले गेलेली आहेत.

साठाव्या वर्षी सर निवृत्त होतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे पत्र निरुपयोगी ठरते. पोर्टल सध्याचे पद विचारते. सरांकडे ते नसते. अधिकृत ईमेल बंद होतो. त्यांची जागा भरली जात नाही. विभागाचा कार्यभार भूगोलाच्या विभागप्रमुखांकडे जातो आणि तास सीएचबीकडे. जुने विद्यार्थी तरीही सरांच्या घरी येतात, सर त्यांना चहा पाजतात आणि महाविद्यालयात जायला सांगतात. तिथे आता सगळे सुरळीत असते. सीएचबीवाले मजकूर एका संध्याकाळी लिहून देतात. त्यात 'स्वतंत्र विचाराचा' हे शब्द असतात, ते कोणी कापत नाही. बाबू सरांच्या तालमीत तयार झालेले असल्याने क्रमांक त्याच दिवशी मिळतो. भूगोलाचे विभागप्रमुख मजकूर न वाचता सही करतात, वरच्या एक टक्क्यावर खूण करतात आणि पीडीएफ पाठवून देतात. ज्याची शिफारस केली त्या मुलाला त्यांनी कधी पाहिलेले नसते. हे पत्र मुदतीच्या कितीतरी दिवस आधी पोचलेले असते.